चाळीस खुर्च्या, साध्या दराने

खुर्चीवाल्यांच्या दुकानात फुकट मिळणारी गोष्ट एकच होती, त्यांचा राग. दारात सायकल टेकवली की मिळायचा, परत आणलेल्या खुर्चीचा पाय वाकलेला निघाला की मिळायचा, आणि तुम्ही काहीच केलं नाहीत तरी, हा माणूस काही करत कसा नाही, म्हणून मिळायचाच. बायको म्हणायची, "यांना सकाळी उठवावं लागत नाही. राग आधी उठतो, तोच यांना उठवतो."

दुकान लांबोडकं आणि अंधारं. दोन्ही भिंतींना घडीच्या लोखंडी खुर्च्यांच्या थप्प्या छतापर्यंत रचलेल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर लाल ठिपका, दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून खुर्चीवाल्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला. शेवटी एक टेबल आणि टेबलावर फोन. तो उचलून 'हॅलो' म्हणायची पद्धत तिथे नव्हती. "कार्य काय आहे?" हा पहिला प्रश्न.

सभा, व्याख्यान, निवृत्ती, शोकसभा असं काही उत्तर आलं, तर साधा दर. लग्न म्हटलं की दर टुणकन उडी मारून जवळपास दुप्पट व्हायचा. खुर्ची तीच, ठिपका तोच, टेम्पोही तोच. कुणी कारण विचारलंच तर उत्तर तोंडपाठ होतं. "लग्नात माणसं सांगितल्यापेक्षा वाढतात. लग्नात लोक खुर्चीवर चढून उभे राहतात. वेळ कुणी पाळत नाही. आणि लग्नात घासाघीस करायची नसते." हे शेवटचं वाक्य ते जरा गोड आवाजात म्हणायचे. त्यांच्या आयुष्यातला तेवढाच गोडवा.

त्यांची एकुलती एक मुलगी लहानपणी त्याच टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. बाबा टेम्पोशी भांडत असले की फोन ती घ्यायची. "कार्य काय आहे?" त्या बारक्या आवाजाचं गिऱ्हाइकांना कोण कौतुक.

ती मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढू लागली, आणि एका बेकरीवाल्याला पसंत करून मोकळी झाली. खुर्चीवाल्यांची बेकरीवाल्याबद्दल तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण ती सगळ्या जगाबद्दल होती तेवढीच. स्फोट झाला तो लग्नाच्या बेताने.

हॉल नाही, बँड नाही, विधी नाहीत. गावाबाहेर बाग असलेलं एक घर एका दिवसासाठी भाड्याने घ्यायचं. नोंदणी अधिकारी तिथेच येणार, दोघं सह्या करणार, मित्र चार शब्द बोलणार, जेवण बेकरीतून. माणसं चाळीस. खर्च दोघांच्या साठवणीतला, आईबापांकडून एक पैसा नाही.

"आणि लोक बसणार कुठे?" खुर्चीवाल्यांनी विचारलं.

"गवतावर. सतरंज्या टाकू."

बायकोने त्यांच्यासमोरचा चहाचा ग्लास हळूच उचलून ओट्यावर ठेवला. अनुभव होता.

"खुर्चीवाल्याच्या मुलीच्या लग्नात लोक जमिनीवर बसणार." हे ते भिंतीला म्हणाले. मग मुलीकडे वळले. "अख्ख्या गावाची लग्नं माझ्या खुर्च्यांवर बसून झाली. चारशे पाठवतो."

"चारशे खुर्च्या आल्या की त्यांच्यावर बसायला तुमची चारशे माणसं येणार."

"मग चाळीस देतो. फुकट."

"फुकट नकोत बाबा. फुकटच्या खुर्चीवर बसून तुम्ही बाकीचं सगळं ठरवायला लागाल."

"बापाला बरोबर ओळखलंय हो पोरीने," बायको ओट्याकडूनच म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. मग भाड्याने घे ना."

"लग्नाचा दर परवडत नाही," मुलगी म्हणाली आणि शांतपणे चहा प्यायली.

यावर दार आपटलं गेलं. समोरच्या घरातल्या शिवणवाल्याने सुईत दोरा ओवता ओवता आपल्या बायकोला सांगितलं, "चला, लग्न ठरलं वाटतं."

एक गोष्ट मात्र खुर्चीवाल्यांना खटकत होती. मुलीने ते घर फारच स्वस्तात मिळवलं होतं. धंद्यातला माणूस, स्वस्त म्हटलं की त्याला झोप लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मुलगी आणि बेकरीवाला घर बघायला निघाले तसे हेही पावाच्या वासाच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.

अर्ध्या वाटेत मुलगी मागून म्हणाली, "बाबा, एक सांगायचं राहिलं. मालकीणबाईंना मी लग्न आहे असं सांगितलेलं नाही."

"मग काय सांगितलंस?"

"निवृत्ती समारंभ."

"कुणाची निवृत्ती?"

"तुमची."

बेकरीवाला रस्त्याकडे असा टक लावून बघू लागला, जणू तो नुकताच कुणीतरी अंथरला होता.

"मी निवृत्त?" खुर्चीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या तोंडावर मला घरी बसवतेस?"

"एका दिवसापुरतं. बँड नाही, सजावट नाही, कुणाला कळणार? आणि कार्य काय आहे असं विचारलं की लग्न म्हणू नये, हे मला दुसरीत असताना कळलंय. तुमच्याच टेबलाखाली. आज फक्त गप्प बसा. एवढंच मागते."

गप्प बसायचं त्यांनी कबूल केलं. म्हणजे नाकातून एक आवाज काढला.

घर खरंच छान होतं. लांब व्हरांडा, त्याच्यापुढे गवत, गवतात एक डेरेदार झाड. मालकीणबाई उंच, पिकलेल्या केसांच्या, हातात झाडं कापायची मोठी कात्री.

"या, या. तुम्हीच का ते? अभिनंदन. किती वर्षं काम केलंत?"

"करतोय."

"म्हणजे करत होतात."

"करतोय."

मुलगी खोकली. मालकीणबाई मायेने म्हणाल्या, "सवय व्हायला वेळ लागतो. आमचे हे निवृत्त झाल्यावर महिनाभर बूट घालून दारात बसायचे. तुम्ही काहीतरी छंद लावून घ्या. मासे पाळा."

मासे. तिथे त्यांचा धीर सुटला.

"बाई, मी निवृत्त झालेलो नाही आणि होणारही नाही. ही माझी मुलगी, हा तिचा होणारा नवरा, आणि इथे या दोघांचं लग्न आहे."

कात्री कटकन मिटली. मुलीने डोळे मिटले.

"लग्न," मालकीणबाई म्हणाल्या. "मग दर वेगळा."

"का म्हणून? घर तेच. गवत तेच. लग्न म्हटल्यावर गवत काय जास्त उगवतं?"

"लग्नात माणसं सांगितल्यापेक्षा वाढतात. लोक कशावरही चढून उभे राहतात. वेळ कुणी पाळत नाही." त्या जरा थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आणि लग्नात घासाघीस करायची नसते."

खुर्चीवाल्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"हे मी एका खुर्चीवाल्याकडून शिकले," बाई पुढे म्हणाल्या. "माझ्या मुलाच्या लग्नात. पाठीवर लाल ठिपका असलेल्या खुर्च्या होत्या. तोंड काही बघितलं नाही त्याचं, फोनवरच बोलला. आवाज साधारण तुमच्यासारखा."

बेकरीवाल्याला हसू आलं, त्याची त्याने शिंक करून टाकली.

व्हॅन परतीच्या वाटेला लागली. मग मुलगी बोलली, आणि आवाज चढवला नाही म्हणून ते जास्त लागलं.

"तुम्हाला पाच मिनिटं गप्प बसता आलं नाही."

"तू खोटं बोललीस."

"बोलले. मला लाज वाटत होती तरी बोलले. का बोलावं लागलं? तुमच्यासारख्या लोकांमुळे. लग्नाच्या वेळी माणूस नाही म्हणू शकत नाही, हे हेरून त्याला कापायचं. एक बाई फोनवर रडली होती, आठवतंय? मुलीचं लग्न उद्यावर आलं होतं तिच्या. मी टेबलाखाली होते. तुम्ही फोनवर हात ठेवून मला म्हणालात, 'बघ आता, घेते की नाही.' आणि तिने घेतल्या. मी टाळ्या वाजवल्या होत्या, बाबा. सात वर्षांची होते. अजून त्या टाळ्यांनी माझे हात जळतात."

"गाडी थांबव," खुर्चीवाले बेकरीवाल्याला म्हणाले. उतरले आणि चालत घरी गेले. लांब होतं. वाटेत दोन कुत्री, एक रिकामा बसथांबा आणि स्वतःची सावली, एवढ्या सगळ्यांशी ते भांडले.

मुलीने वाढीव भाडं भरलं, आणि ते भरायला बाकीचं कापायला लागली. बायको रोज जेवताना एकेक बातमी वाढायची. "फोटोवाला गेला हो." दुसऱ्या दिवशी, "फुलं गेली." तिसऱ्या दिवशी, "सतरंज्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणणार म्हणतेय."

"मला कशाला सांगतेस?"

"तुम्हाला नाही, आमटीला सांगतेय."

त्या दिवसांत खुर्चीवाले दुकानात लग्नाचा दर आणखी मोठ्या आवाजात सांगू लागले. कुणी काही विचारलं नसतानाही चारही कारणं ऐकवायचे.

अशाच एका दुपारी समोरचा शिवणवाला भाचीच्या लग्नासाठी खुर्च्या ठरवायला आला होता. दर ऐकून तो बिचारा मान खाजवत उभा असताना फोन वाजला.

"कार्य काय आहे?"

"लग्न."

आवाज बारका नव्हता आता, पण ओळखायला वेळ लागला नाही.

"चाळीस खुर्च्या हव्यात," मुलगी म्हणाली. "सतरंज्या पुरत नाहीत, आणि याच्या आजीला खाली बसता येत नाही. दर सांगा."

खुर्चीवाल्यांनी थप्पीकडे पाहिलं. फुकट म्हणावं तर ती फोन ठेवणार. लग्नाचा दर सांगावा तरी ठेवणार, आणि आजीबाईला गवतावर बसवणार. पोरगी हट्टी होती. कुणावर गेली होती कोण जाणे.

"साधा," ते म्हणाले.

"लग्न आहे म्हटलं मी."

"ऐकू येतंय मला. साधा म्हणजे साधा. घ्यायच्यात की नाही?"

"घ्यायच्यात. पावती हवी."

त्यांनी फोन असा आदळला की थप्पीतल्या खुर्च्या खणखणल्या.

शिवणवाला मान खाजवायचा थांबला होता. "लग्नाला साधा दर लागतो वाटतं हल्ली."

"ती माझी मुलगी आहे."

"मुलीला फुकट द्यायच्या असतात. पैसे घेताय म्हणजे गिऱ्हाईकच झाली की."

खुर्चीवाल्यांनी त्याच्यावर पोटभर तोंडसुख घेतलं, आणि त्यालाही साधा दर लावला. दुसरं काही सुचलंच नाही. आणि शिवणवाल्याला सांगणं म्हणजे चौकात ओरडणं. माप घेता घेता त्याने ती बातमी गावभर केली. दुसऱ्या आठवड्यापासून येणारं प्रत्येक लग्नाचं गिऱ्हाईक आधी 'साधा' म्हणायचं आणि मग नमस्कार करायचं. खुर्चीवाले प्रत्येकावर ओरडले. ओरडून झालं की साध्या दराने खुर्च्या मोजून दिल्या.

मुलीच्या चाळीस खुर्च्या त्यांनी स्वतः धुतल्या. बायको म्हणाली, "एखादी जास्तीची टाका."

"ऑर्डर चाळीसची आहे. पावती चाळीसची आहे. एकही जास्त जाणार नाही."

लग्नाच्या दिवशी झाडाखाली चाळीस माणसं चाळीस खुर्च्यांवर बसली. खुर्चीवाले शेवटच्या रांगेत, मुद्दाम. नोंदणी अधिकाऱ्याने कागद उघडला, तेवढ्यात व्हरांड्यातून मालकीणबाई आल्या, ठेवणीतले कपडे, केसांत फूल.

"मुलीने बोलावलंय मला," त्या म्हणाल्या आणि इकडेतिकडे बघू लागल्या.

खुर्ची नव्हती. खुर्चीवाले दात आवळून उठले आणि आपली पुढे केली.

"लग्नात माणसं वाढतात," बाई बसता बसता म्हणाल्या.

सगळं लग्न खुर्चीवाल्यांनी त्या खुर्चीमागे हाताची घडी घालून, उभ्याने पाहिलं. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. फोटोवाला नव्हता, तेव्हा बेकरीवाल्याचा एक मित्र सगळे एका चौकटीत यावेत म्हणून फोन घेऊन पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बुटांसकट चढला.

"उतर खाली!"

त्या लग्नाचा धड आलेला फोटो तेवढा एकच. बेकरीत गल्ल्याच्या वर लावलाय. सगळी माणसं माना वळवून मागे बघताहेत, आजीबाईसुद्धा. मागे खुर्चीवाले, तोंड उघडं, बोट रोखलेलं. फक्त नवरी सरळ समोर बघतेय. तिला त्या आवाजाची सवय आहे.