पुतळीबाईचं सोडियम

पेणच्या बाजारात माझं छपाईचं दुकान आहे. छापखाना हे आपलं म्हणायचं नाव. प्रत्यक्षात दोन कॉम्प्युटर, स्टिकर कापायचं एक मशीन आणि लग्नपत्रिकांचे नमुने टांगलेली भिंत. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘घरगुती चवीचे’ हे शब्द सव्वीस वर्षांत मी इतक्यांदा टाइप केलेत, की छापलेल्या अक्षरावरचा माझा विश्वास कधीच उडाला. असल्या माणसाने पुतळीबाईविषयी लिहिणं तसं शोभत नाही. पण दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

बारा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा दुकानात आली. पन्नाशीची, खाडीकडच्या बायका नेसतात तसं आखूड लुगडं, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून तिने बिस्किटाचं एक रिकामं पाकीट काढलं, तळहाताने चोळून सपाट केलं आणि माझ्या काउंटरवर ठेवलं.

“ओ छापवाले, यात मीठ कुठं लिवलंय तेवढं दाखवा.”

“मावशी, हे बिस्कीट गोड आहे.”

“गोडातपन असतंय म्हनं. डॉक्टर बोलला.”

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा कान्हू धरमतरच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला होता, पंधराव्या वर्षापासून. आता त्याचे पाय सुजत होते, बीपी चढलेलं होतं आणि किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. आख्खा जन्म मिठात उभं राहून काढलेल्या माणसाला मीठ बंद! घरातली मिठाची बरणी पुतळीने माळ्यावर टाकली, पण कान्हू नाक्यावरच्या दुकानातून पाकिटं आणून खायचा. आणि डॉक्टर म्हणाले होते की पाकिटातल्या वस्तू खारट लागल्या नाहीत तरी त्यांत सोडियम असतं.

मी पाकीट उलटं केलं आणि बारीक अक्षरांतल्या त्या शब्दावर पेन ठेवलं. तिने पेन बाजूला सारून आपलं बोट ठेवलं. एस, ओ, डी, आय, यू, एम. मी एका चिठ्ठीवर तो शब्द मोठा लिहून दिला आणि खाली मराठीत लिहायला लागलो, तर तिने हात धरला.

“मराठीत नको. पाकिटावर मराठी कुठं असतंय?”

तेव्हापासून ती बाजाराला आली की दुकानात डोकवायचीच. येताना पाकिटं आणायची. टोस्टचं, फरसाणाचं, सूपच्या पुडीचं, सॉसच्या बाटलीवरचा सोललेला कागद. “छापवाले, आतलं कुठनं सुरू होतं?” असं विचारायची. आतलं म्हणजे आत काय काय घातलंय त्याची यादी. लोकांची एबीसीडी एपासून सुरू होते, हिची एसपासून सुरू झाली. ए तिला सॉल्टमध्ये भेटला, एम सोडियममध्ये, के मिल्कमध्ये. जे कित्येक महिने भेटलाच नाही, शेवटी गुळाच्या चिक्कीवर जॅगरीत सापडला, तेव्हा तिला कोण आनंद! क्यूची आणि तिची गाठ अजून पडलेली नाही. शुगर, एडिबल ऑइल, मिल्क सॉलिड्स, प्रिझर्व्हेटिव्ह असे चाळीसेक शब्द ती पाहताक्षणी ओळखायला लागली. एसटीची इंग्रजी पाटी तिला आजही वाचता येत नाही आणि सही ती मराठीत करते. पण खायच्या वस्तूचं पाकीट तिच्यापुढे खोटं बोलू शकत नव्हतं. एकदा मी काम करता करता वेफर खात होतो. तिने न विचारता पाकीट उचललं, उलटं केलं, वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंडातला घास चोरासारखा गिळला.

आता हिच्या घरचा धंदा काय, तर पापड. पेणचे पोह्याचे पापड. पोह्याचं पीठ, मिरची, हिंग, मीठ आणि पापडखार. होळीच्या सुमाराला ऊन तापलं की अंगणभर चटया पसरायच्या. एके दिवशी तिने विचारलं, “पापडखाराला इंग्लिशमधी काय म्हनतात?” मी कॉम्प्युटरवर शोधलं आणि शब्द तिच्यापुढे धरला. तिने पहिली सहा अक्षरं वाचली आणि तिथेच बोट ठेवलं.

“म्हंजे पापडात दोनदा,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून कान्हूला घरचा पापड बंद झाला. घरात हजारांनी पापड लाटले जात आणि घरधन्याला एक मिळत नसे. तो ओटीवर बसून वाळणाऱ्या पापडांवरचे कावळे हाकायचा. पापडाच्या पिठाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायला त्याला फार आवडायच्या. तेवढी एक मागायचा. “एकानं काय होतंय गो?” असं रोज म्हणायचा, कधी हसून, कधी शिव्या देऊन. ती देत नसे. चार वर्षं तिने त्याला असं सांभाळलं. शेवटच्या होळीला त्याने भाकरीबरोबर एक भाजलेला पापड मागितला. तिने नाही दिला. पाडव्याच्या आधी तो गेला. हे तिने मला तेराव्याच्या कार्डाचा मजकूर सांगताना सांगितलं, कोरड्या डोळ्यांनी. माझेच डोळे भरून आले.

कान्हू गेल्यावर तिने आणि तिची सून नमिता हिने गावातल्या बायका जमवून बचत गट काढला. अकरा जणी. पापड लाटायचे आणि वडखळ नाक्यावर, अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, टेबल टाकून विकायचे. बरं चाललं होतं. मग तीन वर्षांपूर्वी नितेश आला. कान्हूच्या बहिणीचा मुलगा. रोह्याला कंपनीत होता, शिफ्टला कंटाळून धंद्यात उतरला. पोरगा वाईट नाही. मामाच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तो म्हणाला, मामी, तुम्ही फक्त लाटा, आख्ख्या सीझनचा माल मी मुंबई-पुण्याच्या दुकानांत घालतो. नाव ठेवलं ‘मामीचे पापड’. पाकिटावर लुगडं नेसलेल्या बाईचं चित्रही काढून घेतलं.

स्टिकरचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मजकूर इंग्रजीत होता. वर नाव, खाली लाल बदाम आणि त्याच्या शेजारी दोन शब्द: लो सोडियम.

“नितेश, तपासून घेतलंयस का हे?” मी विचारलं.

“काका, सगळेच लिहितात. पाठीमागचं कोण वाचतं?”

कोण वाचतं ते मला चांगलं माहीत होतं. पण काम मोठं होतं, सीझन तोंडावर होता, आणि मी माझी जीभ दाताखाली दाबली. पाच हजार स्टिकर छापले. लाज वाटते, पण खरं ते खरं.

पॅकिंगच्या दिवशी गठ्ठे घेऊन मीच गावात गेलो. पडवीत अकरा जणी बसल्या होत्या, नमिता पिशव्यांना सील मारत होती, नितेश फोनवर कोणाला तरी गाडी पाठवायला सांगत होता. पुतळीबाईने कौतुकाने एक स्टिकर हातात घेतलं. बाईच्या चित्राकडे बघून हसली. आणि मग तिचं बोट खाली सरकलं.

“छापवाले,” ती म्हणाली, “ह्या सोडियमच्या आधी काय लिवलंय?”

मी उरलेले गठ्ठे सारखे करायला लागलो.

“मी विचारलं, काय लिवलंय?”

“लो.”

“म्हंजे?”

“म्हणजे… कमी.”

पडवीत सगळ्यांचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षं मला ‘तुमी’ म्हणणारी ती बाई पहिल्यांदा ‘तू’वर आली. “मना ह्यो शब्द तूच शिकिवलास ना रे? आनि तूच ह्ये छापलंस?”

नितेश फोन ठेवून पुढे आला. “मामी, साधा शब्द हाय तो. शहरातली मान्सं तो बघूनच घेतात. आपन काय कोनाला इख देतो काय?”

“साधा शब्द?” ती उभी राहिली. “एवढा एक शब्द शिकाया मी गावची पाकिटं उकिरड्यावरनं येचली. मान्सं हसली मना. तुज्या मामाच्या ताटातला पापड मी काढून घेतला, ह्या शब्दापायी. होळीच्या दिवशी तोंड उघडून मागत व्हता, नाय दिला. लो असता तर दिला नसता का रे मी?”

नितेशने मान खाली घातली, पण मागे हटला नाही. गाडी ठरलेली होती, दुकानांना शब्द दिलेला होता. स्टिकर नाही तर ऑर्डर नाही, असं तो म्हणाला.

“आई,” नमिता हळूच म्हणाली, “अकरा घरांचा प्रश्न हाय.”

“मना ठावं हाय. अकरा घरं माज्या सांगन्यावरनं बसलीत. मग ह्ये खोटंपन माज्याच नावावर जानार. चित्र कोनाचं हाय त्यावर?” तिने गठ्ठे उचलले आणि माझ्या हातात परत दिले. “नितेश, तू तुज्या मामाचं मीठ खाल्लंयस. दुसरं काय बी लिव. ह्यो शब्द माज्या पापडाला लागनार नाय. जा.”

तो गेला. जाताना गटातल्या तीन जणी घेऊन गेला, आणि त्यांना मी दोष देत नाही, कोणाला पोटं नाहीत? नमिता आठ दिवस सासूशी बोलली नाही. जेवण वाढायची आणि तोंड फिरवायची. पुतळीबाईला त्याचं वाईट वाटलं नसेल असं कोणी समजू नये. ती मला म्हणाली, “पोरीचं काय चुकलं? पन माजं बी नाय चुकलं.”

नवव्या दिवशी ती दुकानात हजर. “लिव,” म्हणाली. तेव्हापासून मला ‘तू’च म्हणते. मजकूर तिने पाठ करून आणला होता. सॉल्ट. सोडियम बायकार्बोनेट. आणि त्याखाली, बीपीवाल्यांसाठी नाही. मराठीत खाली, इंग्रजीत वर.

“अगो बाई,” मी म्हटलं, “असं कोणी आपल्याच मालावर लिहितं का? कोण घेईल?”

“जो खाऊ शकतो त्यो घेईल. मोठं कर.”

मी अक्षर मोठं केलं.

“अजून.”

करता करता सोडियम हा शब्द पापडाच्या नावापेक्षा मोठा झाला, तेव्हा कुठे तिने मान हलवली.

धंदा काही भरभराटला नाही. लोक पाकीट उचलत, वाचत, हसत, फोटो काढत आणि निम्मे जण खाली ठेवून देत. पहिल्या वर्षी पावसाआधी संपणारा माल गणपतीपर्यंत पडून राहिला. तिकडे नितेशचं पाकीट जोरात चाललंय. आत पापड दुसऱ्या कोणाचे आहेत, बदाम तोच आहे आणि ते दोन शब्दही तेच आहेत. फक्त आता ते माझ्याकडे छापले जात नाहीत. दोनदा विचारायला आला होता, दोन्हीदा मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. एवढं तरी मी करू शकलो, याचं मला माझ्याच बाबतीत नवल वाटतं.

गेल्या फेब्रुवारीत मला दुकानातच चक्कर आली. डॉक्टरांनी बीपी मोजलं, वरचा आकडा एकशे ऐंशी. गोळ्या सुरू झाल्या. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण औषधाच्या दुकानात नमिताने मला पाहिलं असावं.

पुढच्या आठवड्यात नवी लेबलं द्यायला मी वडखळला गेलो. दुपारचं ऊन होतं, पोटात भूक होती. गिऱ्हाइकांना चव दाखवायला नमिता शेगडीवर पापड भाजत होती. तो वास मला बारा वर्षं ओळखीचा. मी सवयीने ताटलीकडे हात नेला, तर पुतळीबाईने ताटली उचलून आपल्या मांडीवर घेतली.

“तुला नाय.”

“अगं, एकाने काय होतंय?”

बोलून गेलो आणि जीभ चावली. नमिताच्या हातातला चिमटा थांबला. मला वाटलं, आता ही बाई मला सगळ्या नाक्यादेखत फाडून खाणार. पण ती रागावली नाही. तिने टेबलावरचं एक पाकीट घेतलं, माझ्याकडे फिरवलं आणि सगळ्यात मोठ्या शब्दाखाली बोट ठेवलं.

“वाच.”

“पुतळीबाई, मला माहीत आहे गं…”

“तूच छापलंयस. वाच.”

मागे गिऱ्हाइकं उभी होती, रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. मी चष्मा लावला आणि वाचलं, मोठ्याने.