मामांची दुपारची हाक

उदगीरकडे कुणाला उपाशी मरायचं असेल, तर माझे मामेसासरे हयात असेपर्यंत ते काही जमणार नाही, असं मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. देगलूर रस्त्याला त्यांची तूरडाळीची मिल आहे आणि त्याच आवारात घर. पाटीवर डाळ मिल असं लिहिलेलं असलं तरी तो जोडधंदा म्हणायचा. मामांचा खरा धंदा माणसं धरून आणून जेवू घालण्याचा. 'नको' हा शब्द त्यांना ऐकूच येत नसे. एरवी कान इतके तिखट, की मशीनच्या एवढ्या खडखडाटात पट्टा ढिला झालेला त्यांना बसल्या जागी कळे, पण "मामा, आत्ताच जेवून आलो" म्हटलं की लगेच स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत, "अगं, जावईबापू भुकेजून राहिले!" आणि मला वर समजावत, "बाहेर झालं ते खाणं वो. जेवण कुठं झालं अजून?"

एकदा मिलच्या तपासणीला एक कडक साहेब आले. मामांनी त्यांना आधी ताटावर बसवलं. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, आणि तिच्यावर तुपाची धार, असा मारा झाल्यावर साहेबांनी कमरेचा पट्टा सैल केला आणि तुरीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून जी ताणून दिली, ती उन्हं उतरेपर्यंत. जाताना आपण आलो कशाला होतो हे त्यांना आठवेना. दुसऱ्या वेळी पत्ता चुकलेलं एक वऱ्हाड आवारात शिरलं. मामांनी अगोदर पंगत बसवली, पत्ता मागाहून सांगितला. तिकडे मुलीकडची मंडळी रस्त्याला डोळे लावून बसलेली आणि इकडे नवरदेव शेंगापोळी मागून घेतोय. मामी वैतागून म्हणायच्या, "ह्यास्नी डाळ इकाया येत न्हाई, शिजवून वाटाया तेवढी येती." पण तव्यावर भाकरी टाकताना चार जास्तीच्या त्याच टाकत. मी नांदेडहून कामाला उदगीरला गेलो की दुपार टाळूनच मिलवर जाई, कारण दुपारी सापडलेल्या माणसाचं बाकीचं काम बुडालं म्हणून समजावं.

या सगळ्याच्या मुळाशी एक रिवाज होता, त्यांच्या आजोबांपासून चालत आलेला. दुपारी लिंगपूजा व्हायची, कपाळावर विभूतीचे पट्टे उमटायचे, ताट वाढलं जायचं, पण घास घेण्यापूर्वी मामा उठून उंबरठ्यावर जात आणि रस्त्याकडे तोंड करून हाक देत, "कुणी उपाशी हाय का? बर्री, जेवाया बर्री!" बर्री म्हणजे कानडीतलं 'या'. आमच्या त्या सीमेवरच्या गावांत हाक मारताना मराठी अशी मध्येच कानडी होते. बहुतेक वेळा कुणी येत नसे. तरीही मामा थोडा वेळ वाट बघत, आणि मगच ताटावर बसत.

गेल्या उन्हाळ्यात त्या हाकेला एक नवा पाहुणा येऊ लागला. मिलमागच्या माळावर प्लॉट पाडायला यंत्रं फिरत होती, त्याच दिवसांत तुरीच्या टरफलांच्या ढिगाआड एक रोडावलेलं, मागच्या पायानं लंगडणारं कुत्रं मामांना दिसलं. धनगराच्या कळपामागून चुकलेलं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुधात कुस्करलेली भाकरी पुढे ठेवली, तर ते जवळ येईना. मामा माघारी फिरले की मग खाई. पुढे पुढे हाक ऐकली की ते वेड्या बाभळीतून आपणहून बाहेर यायला लागलं. मामांना कोण कौतुक! मी गेलो तेव्हा मला सांगत होते, "लई लाजाळू पाव्हणा हाय, जावईबापू. भुंकत न्हाई, शेपूट हलवत न्हाई. खानदानी हाय बघा."

त्या दुपारी मी सापडलो होतो. मामांनी हाक दिली, पाहुणा आला, थाळीत तोंड घालून खाऊ लागला. तेवढ्यात तूर घालायला आलेल्या एका शेतकऱ्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तो भला दांडगा माणूस पोत्यांच्या थप्पीवर असा चढला, की उतरवायला पुढे शिडी लागली. वरूनच मामांना ओरडला, "आप्पा! कुत्रं न्हाई त्ये, लांडगा हाय! लांडगा!"

मामांनी त्याच्याकडे नाराजीनं बघितलं. म्हणाले, "हळू बोल की. जेवून राहिलाय त्यो."

आम्ही हसलो. मीही हसलो. लांडगा बाभळीत निघून गेला आणि शेतकरी मात्र ती बातमी गावभर घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आवारात माणसं जमली, कुणी मोबाईल घेऊन, कुणी काठ्या घेऊन. मी मुक्कामी राहिलो होतो आणि वनखात्याला फोन केला होता. दुपारनंतर पिंजरा घेऊन येतो, असं ते म्हणाले. मामा एकेकापुढे हात जोडत फिरत होते. "माझ्या ताटावरचा हाय त्यो. हात लावू नका रे बाबांनो." सगळे हो हो म्हणत होते आणि जागचं कुणी हलत नव्हतं. लांडग्याला पिंजरा येईपर्यंत झुडपात राहू द्यायचं, एवढंच आमच्या हाती होतं. मामी म्हणाल्या, "आज हाक देऊ नका बरं का." मामा म्हणाले, "मला कळत न्हाई व्हय?"

दुपार झाली. मामांनी पूजा केली, विभूती लावली. ताट आलं. समोर मी बसलो होतो. मामा उठले. मला वाटलं, पाणी प्यायला उठले असतील. आयुष्यभर त्या वेळेला जे पाय उंबरठ्याकडे गेले, ते त्या दिवशीही गेले, आणि मी तोंड उघडायच्या आत हाक गेलीसुद्धा. "बर्री, जेवाया बर्री!" शेवटचा शब्द तोंडातून निघताना त्यांना उमगलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

तो आला. आरडाओरडा झाला, दगड सुटले. माळाकडे पळाला असता तर वाचलाही असता. पण तो दाराकडे धावला. मामांकडे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या अंगावर चालला. मग काठ्यांना कोण आवरणार!

वनखात्याची माणसं आली तेव्हा उरलेले सगळे एकच सांगत होते, अंगावर आला म्हणून मारला. मामांना विचारलं, तेव्हा ते उंबरठ्यातच बसलेले होते. "अंगावर न्हाई वो," ते म्हणाले, "जेवाया आला. मीच बलावला." ते ताट तसंच राहिलं.

मिल चालू आहे. मामांची प्रकृतीही ठीक आहे. परवा मी उदगीरला गेलो, तो मुद्दाम दुपार गाठून. दारात उभा राहिलो. आत भांडी वाजली, ताट मांडल्याचा आवाज आला. इतकी वर्षं मी ज्या हाकेला चुकवत आलो, ती यावी म्हणून जीव कासावीस झाला. हाक आली नाही. शेवटी मीच म्हणालो, "मामा, भूक लागलीय."

मामा लगबगीनं बाहेर आले. माझा हात धरला, माझ्या खांद्यावरून एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग मला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.