मेव्हण्याचं एअरशिप

माझ्या मेव्हण्याचा फुग्यांच्या सजावटीचा धंदा आहे आणि मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असतो. माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला त्यानं हॉलमध्ये चांगलं आठ फुटी चंदेरी एअरशिप, म्हणजे गॅस भरलेला लांबट फुगा, आणलं आणि दोरीनं बांधून तिच्या खुर्चीच्या बरोबर वर तरंगत ठेवलं. यात गॅस कोणता, एवढंच मी विचारलं.

"हेलियमच हाय, दाजी. तुमी लई शक घेता."

घेणारच. वाळूजला गॅसच्या टाक्या भरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. हायड्रोजन स्वस्त, उचलतोही थोडा जास्त. म्हणून जुन्या काळी माणसं नेणारी एअरशिप त्याच्यावर उडायची. ती पेटली, माणसं होरपळून मेली, तेव्हा कुठं हेलियम आठवला. आमच्या मेव्हण्याला मात्र स्वस्त दिसलं की बाकी काही दिसत नाही.

मी हॉलच्या मागं गेलो. टेम्पोतल्या टाकीला हेलियमचा तपकिरी रंग होता, तोही ताजा. नळीचा नट पान्यानं फिरवून पाहिला, तर उलटा सुटला. जळणाऱ्या गॅसच्या टाकीलाच असे उलटे आटे असतात, चुकून दुसऱ्या गॅसची नळी लागू नये म्हणून. रंग कुणीही फासतो, पण आटे फासता येत नाहीत.

पळत आत आलो, तर औक्षण सुरू व्हायच्या बेतात. एअरशिपखाली माझी मुलगी, शेजारच्या खुर्चीत मेव्हण्याची, आणि बायकोच्या हातातल्या तबकात पेटलेलं निरांजन. मी तबक ओढून घेतलं आणि वात चिमटीत दाबून विझवली.

"ओवाळायचा दिवा इझवला? पोरीच्या वाढदिवशी?" सासूबाई म्हणाल्या. बायको रडायला लागली. पाहुणे माझ्याकडं असे बघत होते, की जणू मीच आग लावायला आलोय. मेव्हणा छाती काढून पुढं आला आणि दाजींचं डोकं फिरलंय, असं सगळ्यांना सांगत सुटला. त्याच्या एक कानाखाली वाजवावी असं फार वाटलं.

तबकातली काडेपेटी मी आधीच मुठीत घेतली होती.

"हेलियम आहे ना?" मी म्हणालो. "मग दिवा पुन्हा लावायला सांगतो. दोघी पोरी तिथंच बसू दे."

त्यानं आपली मुलगी तेवढी उचलली आणि दाराकडं गेला.