हार काढण्याची घाई

मी आज जो काही आहे तो आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांमुळे. वडिलांचं एस.टी. स्टँडसमोर सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि दहावीनंतर मी तिथेच बसायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. एका संध्याकाळी सर सायकल पंक्चर नसताना पंक्चर काढायला आले. वडिलांशी तासभर बोलले आणि जाताना सायकल दुकानात ठेवून कॉलेजच्या फॉर्मवर त्यांची सही घेऊन गेले. वडिलांनी सायकलचं चाक खोलून पाण्यात बुडवून पाहिलं. बुडबुडा आला नाही. तेव्हा त्यांना कळलं की मास्तर कशासाठी आले होते.

मी इंजिनियर झालो तेव्हा सरांनी शाळेत माझा सत्कार ठेवला. आमच्या घरात आधी कुणी पदवीधर झालं नव्हतं, त्यामुळे सत्कारात कसं वागायचं हे सांगणारंही कुणी नव्हतं. मुख्याध्यापकांनी झेंडूचा हार घातला आणि मी तो घालून बसलो. चार भाषणं झाली, आभार झाले, वंदे मातरम् झालं, तरी हार गळ्यातच. शेवटी सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, हार घातला की नमस्कार करायचा, काढायचा, टेबलावर ठेवायचा. जास्त वेळ राहिला तर मान ताठ होते."

त्या दिवसापासून हार काढण्यात माझा हात कुणी धरला नाही. ही शिकवण मी ब्रिस्टलपर्यंत जपून आणली, आणि तिथे तिनेच घात केला.

ब्रिस्टलमध्ये मी विमानाच्या पंखांचे भाग तपासतो आणि उरलेल्या वेळात आमच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव असतो. मंडळाचे कार्यक्रम एका कम्युनिटी सेंटरमध्ये होतात. त्याच हॉलमध्ये दर गुरुवारी एक हवाईयन बाई हुला शिकवतात. हुला म्हणजे त्यांच्या बेटांवरचं नृत्य. पाय हळूहळू चालतात आणि गोष्ट सगळी हातांनी सांगायची. बाई सत्तरीच्या. लग्न करून इथे आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, नवरा आता नाही. सगळे त्यांना आंटी म्हणतात. मला वाटलं हे आपल्या लोकांनी लावलेलं वळण असणार, पण त्यांच्या बेटावरही मोठ्या बाईला आंटीच म्हणतात. त्यामुळे आमचं पहिल्याच दिवशी जमलं.

आंटींची एक सवय होती. त्यांच्या बेटावर महिन्याभरात काय काय आहे ते इंटरनेटवरून काढायचं, प्रिंट करायचं आणि सेंटरच्या नोटीस बोर्डावर लावायचं. शनिवारी फुलांच्या माळा करायला शिका. रविवारी होड्यांची शर्यत. मंगळवारी वाचनालयात युकुलेले, म्हणजे त्यांची छोटी गिटार. एकदा एक गोरे आजोबा त्या कागदासमोर चष्मा लावून उभे होते. मला म्हणाले, "या होड्यांना कुठली बस जाते?" मी म्हटलं, "दोन विमानं लागतील." ते म्हणाले, "रविवारी बस कमी असतात, ते मला माहीतच आहे."

वर्गात मात्र पाचच जणी उरल्या होत्या. मॅनेजरबाईंनी सांगितलं, महिनाअखेर बारा नावं झाली नाहीत तर गुरुवार योगाला देऊ. (योगा शिकवणाऱ्या बाई वेल्सच्या आहेत. त्या आमच्या मंडळाच्या कोणाहीपेक्षा शुद्ध ओंकार म्हणतात.) आंटी मला एवढंच म्हणाल्या, "गुरुवार गेला तर मी हवाईयन कधी असायचं?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्या बायका उत्तम नाचतात. सात जणी मी आणतो." आणि मंडळ व हुलाचा वर्ग असा एकत्र कार्यक्रम एका शनिवारी दुपारी ठरवला.

त्यासाठी आंटी तीन दिवस माळा ओवत बसल्या होत्या. त्यांच्याकडे त्या माळेला लेई म्हणतात. ती खरी चाफ्याची, पण चाफा ब्रिस्टलमध्ये कुठून मिळणार? सुपरमार्केटमधली कार्नेशनची फुलं आणि स्वतःच्या बागेतली पानं. स्टेजवर आम्ही मंडळाचे आठ जण खुर्च्यांवर बसलो. आंटींनी एकेकाच्या गळ्यात लेई घातली, मिठी मारली, गालाला गाल लावला. आमचे अध्यक्ष नागपूरचे, निवृत्त डॉक्टर. गालाला गाल लागताच ते लाजले, नमस्कार केला, लेई काढली आणि टेबलावर ठेवली. पुढच्याने ठेवली. त्याच्या पुढच्याने ठेवली. माझा नंबर शेवटचा होता, पण वेग सगळ्यांत जास्त. आंटींचे हात मागे जायच्या आत माझी लेई टेबलावर होती, तीसुद्धा नीट गोल गुंडाळून.

टाळ्या झाल्या त्या फक्त आमच्या लोकांच्या. वर्गातल्या पाच इंग्रज बायका आमच्याकडे असं बघत होत्या की जणू आम्ही जेवणाचं ताट उलटं केलं. आंटी नाचल्या, पण हात गोष्ट सांगत असताना चेहरा गप्प होता. मध्यंतरात मी चहा घ्यायला बाहेर आलो, तर त्या नोटीस बोर्डावरचा आपला कागद काढत होत्या. चारही पिना हातात धरून.

"आंटी, काय झालं?"

"काही नाही. फुलं आवडली नसतील."

"आवडली की! फार सुंदर होती."

"आमच्याकडे ज्याने लेई घातली त्याच्यासमोर ती काढत नाहीत. काढली तर अर्थ होतो, तुझं प्रेम तुझ्याकडे ठेव. तुम्ही आठ जणांनी ओळीने सांगितलंत."

मी सगळं सांगितलं. सत्कार, झेंडू, सर, ताठ मान.

"म्हणजे मान मिळाला म्हणून काढलीत?"

"हो."

"आणि घालून बसला असतात तर?"

"तर लोक म्हणाले असते, काय माज आहे."

"किती अवघड माणसं आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. मग, "आज एक दिवस माज करता येईल का?"

मी धावत अध्यक्षांकडे गेलो. ते बटाटेवड्यांच्या रांगेत होते.

"काका, लेई परत घालायची आहे."

"अहो, काय बोलताय? आपला हार आपणच उचलून गळ्यात घालायचा? म्हातारा चळला म्हणतील!"

ते खरंच होतं. आपल्यात स्वतःच्या हाताने हार कोण घालून घेतो? मी अडकलो. मागे काकू उभ्या होत्या. त्यांनी हातातली प्लेट माझ्याकडे दिली, स्टेजवर गेल्या, लेई आणली आणि सगळ्यांसमोर काकांच्या गळ्यात घातली.

"चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा," काकू म्हणाल्या. "तेव्हाही असेच घाबरले होते."

हॉल हसला. काकांचा हात सवयीने हाराकडे गेला. काकूंनी तो चापट मारून खाली पाडला. "हात खाली!"

मग सगळ्यांच्याच बायका स्टेजकडे धावल्या. माझ्या बायकोने मला लेई घातली आणि कानात म्हणाली, "आता काढलीस तर बघ." आठ पुरुष दुपारभर हात कुठे ठेवावे ते न कळून लेया घालून हिंडत होते. काकांच्या लेईला चटणी लागली, तरी काढायची सोय नव्हती. आंटी एका खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

हुलाच्या वहीत पहिलं नाव काकूंनी लिहिलं. "नवऱ्याचा हात खाली ठेवायला शिकवणारा वर्ग मला चालेल," त्या म्हणाल्या. मागोमाग माझी बायको, आणि आणखी चार जणी. मी वही घेऊन नावं मोजली. आधीच्या पाच आणि या सहा. हॉल रिकामा होत होता. मी दारात उभा राहून प्रत्येकीला विचारलं. कुणाला गुरुवारी मुलांचं पोहणं होतं, कुणाला गुडघा.

आंटी आल्या आणि वहीत डोकावल्या. मग त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

त्या आठवड्यात मी सरांना हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप सर,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे?

एक गोष्ट कबूल करायची आहे. तुम्ही शिकवलेलं मी मोडलं. शनिवारी मला एक हार मिळाला आणि तो मी घरी पोहोचेपर्यंत काढला नाही. बसमध्ये एका माणसाने मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, त्याही मी घेतल्या. मान थोडी ताठ झाली असावी, पण बायकोच्या मते ती बसच्या सीटमुळे.

दुसरी गोष्ट बाबांना सांगू नका. मी आता दर गुरुवारी संध्याकाळी हवाई बेटांवरचा नाच शिकतो. बारावं नाव माझं आहे. तुम्ही पॅसिफिक महासागराच्या नकाशावर ही बेटं दाखवून म्हणाला होतात, "हे ठिपके बघून ठेवा, कधीतरी उपयोगी पडतील." सर, पडले. हातांनी समुद्र दाखवायचा असतो. माझा समुद्र अजून पंक्चर काढल्यासारखा दिसतो, असं आंटी नाही, पण माझी बायको म्हणते.

नोटीस बोर्डावर आंटींनी नवा कागद लावला आहे. या महिन्यात बेटावर पतंग आहेत.

सोबत एक माळ पाठवतो आहे. फुलं पोस्टाने टिकणार नाहीत म्हणून आंटींनी लोकरीची विणून दिली. तुमच्या निरोप समारंभात तुम्ही हार दोन सेकंदांत काढून ठेवला होता; मी मागच्या रांगेतून पाहिलं होतं. आंटींना मी ते सांगितलं, तर त्यांनी निरोप दिला आहे: ही लगेच काढायची नाही. निदान संध्याकाळच्या चहापर्यंत. चौकात कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

आपला विद्यार्थी