बसाप्पाच्या शिशाच्या खारका

चार माणसं रोज एकाच जागी बसून पाण्याकडं बघायला लागली, की किस्से आपोआप साचतात. त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. आमचे तर इतके साचलेत, की एक सांगायला घेतला तर त्याच्या मागनं दुसरा येतो आणि घरातली माणसं हळूच उठून जातात. जाऊ द्या. तुम्ही बसलाय तर ऐका.

नळदुर्गच्या किल्ल्याखाली बोरी नदीचा एक डोह आहे. निजामाच्या राज्यात आम्ही चौघं तिथं गळ टाकून बसायचो. मी उर्दू शाळेत मास्तर. घरी मराठी, फळ्यावर उर्दू, असा तो जमाना. दुसरा चाँदभाई कल्हईवाला. भाता आणि भट्टी त्याची. तिसरा शिरपा भोई, ज्यानं आम्हाला गळ धरायला शिकवलं. आणि चौथा बसाप्पा वाणी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि जन्मात कधी मासा तोंडात घातलेला नाही!

तुम्ही म्हणाल, मग हा डोहावर काय करत होता? तेच तर सांगतोय.

*

बसाप्पाच्या किराणा दुकानात गळ, सुताचा दोरा आणि गळाला बांधायचं शिसंही मिळायचं. शिशाच्या वजनानं गळ तळाला जातो आणि मोठा मासा तळालाच असतो. आमच्या डोहाच्या तळाला मात्र किल्ल्याचे पडलेले चिरे. एकावर एक, मध्ये फटी. शिसं फटीत गेलं की दोरा ओढून उपयोग नाही. शिसं गेलं, गळ गेला, वर दोराही तुटला.

एक दिवस शिरपा दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बसाप्पा, तुझं शिसं न्हाय चांगलं. अडकतंय."

वाण्याला मालाला नावं ठेवलेली सहन होत नाहीत. बसाप्पा दुकान बंद करून स्वतः डोहावर आला. शिरपाच्या हातातला दोरा घेऊन त्यानं टाकला आणि तो अडकला. दुसरा टाकला, तोही अडकला. दुपारपर्यंत बारा शिसं गेली. बसाप्पा घामानं निथळत होता. मग पाण्याकडं बोट करून म्हणाला, "आजपासनं ह्या खडकाला एक बी द्यायचं न्हाय."

शिरपानं समजूत घातली. शिसं कच्च्या दोऱ्यानं बांधायचं, अडकलं की तेवढंच तुटतं आणि गळ वाचतो. भोई लोक पिढ्यान्‌पिढ्या तसंच करत आलेत. खरं तर शहाणपणाची गोष्ट होती. पण बसाप्पा त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. का, तर ती म्हणे खडकाला दिलेली लाच झाली.

*

मग त्याच्या डोक्यात आलं की शिसं मऊ, म्हणून फटीत रुतून बसतं. लोखंड रुतणार नाही. त्यानं दुकानातलं लोखंडी अदपाव, म्हणजे अर्ध्या पावशेराचं वजन आणलं, त्याला तांब्याची तार गुंडाळली आणि डोहात सोडलं. पहिल्याच फेकीला अदपाव गेलं!

पुढच्याच आठवड्यात ठाण्याचे जमादार वजनं तपासायला आले. त्यांची एक सवय सगळ्या बाजाराला ठाऊक होती. दुकानात शिरलं की आधी हात खारकांच्या पोत्यात, मग बोलणं. दोन खारका गालात धरून त्यांनी वजनं बघितली. शेर होता, अच्छेर होता, पावशेर होता. अदपाव कुठाय?

बसाप्पा म्हणाला, डोहात हाय.

डोहात कशाला?

"सरकारच्या किल्ल्याचे दगड सोडत न्हाईत त्याला. माझी काय चूक?"

जमादार खारीक चावता चावता थांबले. मग दम भरून म्हणाले, "लाके दिखा."

"दाखवतो," बसाप्पा म्हणाला.

*

त्यानंतर बसाप्पाला वेडच लागलं. परसातल्या हौदात त्यानं दगड रचून अगदी डोहासारखा तळ केला. चाँदभाई रोज नव्या घाटाचं वजन ओतायचा. गोल केलं, चपटं केलं, लाटण्यासारखं केलं. सगळी अडकली. चाँदभाई कंटाळून म्हणायचा, "पत्थर किसी का सगा नै रे बसाप्पा, नक्को उसके पीछे लग." पण भट्टी मात्र रोज पेटवायचा.

बसाप्पाची बायको गिरिजाक्का. मासे म्हटलं की तिला शिसारी. डोहावरनं आला की नवऱ्याला आधी अंघोळ, मग उंबरा. तिनं एक दिवस खिरीसाठी काढलेल्या खारका धुवायला म्हणून हौदावर आणल्या, आणि नवऱ्याच्या त्या दगडांत सगळ्या सांडल्या. चिडून एकेक वेचायला लागली. वेचता वेचता थांबली आणि आत बघून म्हणाली, "अहो, हिथं बदाम पडला तर निघत न्हाय. खारीक बघा कशी सुळकन येती."

बसाप्पा तराजू तसाच सोडून धावत आला.

लांबट अंग, दोन्ही टोकं निमुळती, मधे किंचित फुगीर. ओढली की फटीत न बसता दगडावर लोळत वर येते. नदीच्या चिकणमातीत खारीक दाबून साचा केला. चाँदभाईनं शिसं ओतलं, तर अंगावरच्या सुरकुत्यांसकट खारीक निघाली! एका टोकाला तारेची कडी लावली. शिसं पाण्यात चमकलं तर मासा बुजतो, म्हणून वरून काव चोळली.

त्या दिवशी आम्ही उजाडल्यापासून डोहावर होतो. शिरपानं सगळ्यात वाईट जागा दाखवली, तिथंच टाकली. एकदाही अडकली नाही. तिसऱ्या प्रहरी बसाप्पाच्या दोऱ्याला दोन शेराचा शिंगटा लागला. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मासा काढतोय! त्यानं तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि दोरा शिरपाकडं धरला.

"मासा तुझा. माझी खारीक तेवढी सोडवून दे."

*

आता कावेनं लाल केलेल्या शिशाच्या खारका वाळवायच्या कुठं? दुकानातच. एका टोपलीत. टोपली खारकांच्या पोत्याशेजारी.

जमादार आले. सवयीनं हात गेला आणि एक पुढच्या दातांत धरून त्यांनी जोरात चावली. मी तेव्हा दुकानात चहापत्ती घ्यायला उभा होतो. तो आवाज मला अजून आठवतो. समोरचा अर्धा दात त्यांच्या तळहातावर आला.

जमादारांनी बसाप्पाकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं. तक्रार करायची तर काय लिहायचं? न विचारता उचललेल्या खारकेनं दात पाडला? ते तोंडावर रुमाल धरून निघून गेले. त्यानंतर त्या दुकानातल्या पोत्याला त्यांचा हात कधी लागला नाही.

तू बघत होतास का रे, असं आम्ही बसाप्पाला पुष्कळदा विचारलं. दर वेळी एकच उत्तर. "म्या पुडी बांधत होतो."

*

मग दिवस वाईट आले. सरहद्द जवळ, पलीकडं नुकतंच स्वतंत्र झालेलं सोलापूर. माणसं रानावनातनं ये-जा करायची, बंदुका वाजायच्या. शिशाच्या गोळ्या होतात म्हणून वरून हुकूम आला, की ज्याच्या घरी शिसं असेल त्यानं ते ठाण्यात जमा करावं, नाही तर कैद. जमादारांनी हुकूम चावडीवर डकवला आणि बसाप्पाच्या दुकानावरनं मुद्दाम तीनदा चक्कर मारली.

आता इथं माझा थोडा संबंध येतो. उर्दूत शिशाला सीसा म्हणतात आणि काचेला, आरशाला शीशा. लिहायला दोन्ही सारखेच. फरक फक्त टिंबांचा. सीन ह्या अक्षरावर टिंबं नसतात, शीनवर तीन असतात. आमच्या ठाण्याच्या मुन्शीचं अक्षर फार नखऱ्याचं. त्यानं हौसेनं टिंबं देऊन टाकली होती! चावडीवर गर्दी जमली आणि सगळे म्हणाले, मास्तर, वाचा.

मी वाचलं. ज्याच्या घरी शीशा असेल त्यानं ठाण्यात जमा करावा.

हे मी मुद्दाम केलं का, असं मला आजवर खूप जणांनी विचारलंय. कागदावर टिंबं होती. आणि टिंबं असतील तसं वाचायचा मला पगार मिळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यापुढं रांग. बायकांनी हातआरसे आणले, न्हाव्यानं दुकानातला मोठा आरसा आणला, कुणी कंदिलाच्या काचा, कुणी अत्तराच्या बाटल्या. रांगेत सगळ्यात पुढं बसाप्पा, दुकानातला बेल्जमचा आरसा डोक्यावर घेऊन. जमादार ओरडून ओरडून थकले. बसाप्पा शांतपणे म्हणायचा, "हुकूम म्हंजे हुकूम, साहेब. घ्या जमा करून. पावती द्या."

दुपारपर्यंत ठाण्याच्या ओसरीत पन्नासेक आरसे लागले. जिकडं वळावं तिकडं जमादारांना स्वतःचंच तोंड दिसायचं, मोडक्या दातासकट.

आणि सगळं ठाणं आरसे परत करण्यात गुंतलेलं असताना शिरपा आणि चाँदभाई भरदिवसा डोहावर गेले. बसाप्पाच्या चाळीस शिशाच्या खारका डांबर पाजलेल्या एका लांब दोरीला ओवल्या, शिरपानं दाखवलेल्या त्याच वाईट जागी सोडल्या आणि दोरीचं टोक काठच्या उंबराच्या मुळाशी, पाण्याखाली बांधलं.

संध्याकाळी बसाप्पाला हे कळलं. ज्या खडकाला एकही द्यायची नाही म्हणून एवढी उठाठेव केली, त्याच्याच तोंडात चाळीस घातल्या होत्या. शिरपा म्हणाला, दुसरी जागा नव्हती, कैदेपरीस बरं.

"असू दे," बसाप्पा म्हणाला. "काढीन म्या."

*

झडती झालीच. जमादार चार शिपाई घेऊन आले. टोपली नव्हती. पण पोतं होतं, तोंडापर्यंत खारकांनी भरलेलं. एक उचलून बघितली असती, वजनावरनं कळलं असतं. पण हात लावायची हिंमत होईना! शिपायांना पोत्याचं तोंड सुतळीनं शिवायला लावलं, लाखेचा शिक्का मारला आणि बसाप्पाला पोत्यासकट तालुक्याला नेलं.

आम्ही तिघं मागनं गेलो. त्या दिवसांत आत गेलेला माणूस कधी सुटेल ह्याचा नेम नव्हता. गिरिजाक्कानं वाटेत खायला म्हणून भाकरी बांधून दिली होती. ते गाठोडं कुणीच उघडलं नाही.

तहसीलदारसाहेब म्हातारे, शांत गृहस्थ. पोतं फोडून त्यांनी एक खारीक उचलली, हुंगली आणि तोंडात टाकली. त्यांनी सावकाश खाल्ली, बी काढून कागदावर ठेवली आणि जमादारांना विचारलं, हे शिसं आहे असं तुम्हाला कशावरून वाटलं?

जमादारांनी तोंडावर हात धरला.

बसाप्पा हात जोडून म्हणाला, "हुजूर, त्यांनी मागं एकदा खाऊन बघितलं होतं."

पोतं परत मिळालं. थोडं हलकं झालं होतं, पण मिळालं.

*

त्या पावसाळ्यात बोरीला मोठा पूर आला. किल्ल्यात बोरीवर बांधलेल्या धरणाच्या भिंतीवरनं दोन मोठ्या धारा अशा कोसळत होत्या, की गावात बोललेलं ऐकू येत नव्हतं. पूर ओसरला आणि निजामाचं राज्यही गेलं. चावडीवर नवा झेंडा लागला, शाळेत मराठी आली. ठाण्यात टोपीवरचा बिल्ला बदलला, जमादार तेच राहिले.

शिसं आता कुणी विचारत नव्हतं. पण डोहातल्या खारका काढू, असं म्हणायला आमची जीभ रेटेना. पुरात चिरे हललेले, वर गाळ बसलेला. शिरपानं पाण्यात उतरून दोरीचं टोक चाचपलं आणि वर येऊन नुसती मान हलवली. चाँदभाई म्हणाला, "छोड दे रे. मैं नये बना के देतौं."

बसाप्पा म्हणाला, "नवीन तर कुणी बी करील."

त्यानं धोतर खोचलं. सकाळची वेळ, बघायला निम्मं गाव काठावर. घाटाच्या वरच्या पायरीवर जमादारही येऊन उभे राहिले, हात पाठीमागं बांधून. बसाप्पानं दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली.

हलेना.

पुन्हा ओढली, तरी हलेना. आम्ही एकमेकांकडं बघायचं टाळलं. कुणीतरी मागं हसलं. मला त्या हसणाऱ्याचा एवढा राग आला, की मी वळून त्याला मास्तरासारखं झापलं. बसाप्पानं मात्र दोरी सैल सोडली, काठाकाठानं वीसेक पावलं धरणाच्या बाजूला चालत गेला आणि तिथनं, जशी खारीक लोळावी तशी, हळूच ओढायला लागला.

पहिली वर आली. मग दुसरी. चाँदभाई मोठ्यानं मोजायला लागला. अकरा, बारा, तेरा. शिरपा रडत होता, आणि पाणी उडतंय म्हणून सांगत होता. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. सगळ्या आल्या, एक बी ठेवली नाही!

तरी दोरी जडच. चाँदभाईचा आकडा तोंडातच राहिला. शेवटच्या खारकेच्या कडीत हिरव्या पडलेल्या तांब्याच्या तारेचा गुंता अडकला होता, आणि त्या गुंत्यात गंजलेलं, चिखलानं माखलेलं लोखंडाचं काहीतरी होतं.

बसाप्पानं ते पाण्यात बुडवून धुतलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं. चाळीस खारका तिथंच काठावर टाकून तो पायऱ्या चढत वर गेला आणि जमादारांच्या हातावर ते ठेवलं.

"साहेब," तो म्हणाला, "अदपाव. तुम्ही आणून दाखव म्हणला होतात."