सौजन्याचं इंजिन

"कारण?" एवढा एकच शब्द बाई लाल पेन्सिलीने लिहीत आणि वही विद्यार्थ्याकडे परत सरकवत. उत्तर बरोबर असलं तरी. एकदा प्राचार्यांची नोटीसही त्यांनी अशीच परत पाठवली होती.

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा त्या सांभाळत. मी मराठी शिकवायचो. सगळं पुणं कॉम्प्युटरच्या क्लासला निघालं होतं, त्या दिवसांत बाईंनी नवीकोरी मोटरसायकल घेतली. मला म्हणाल्या, "बसा सर. वळणावर तोल सांभाळू नका, ते काम माझं."

चौथ्या महिन्यात कात्रजच्या घाटात इंजिन करकरलं आणि जाम झालं. मी मागेच बसलो होतो. बाईंनी क्लच दाबून गाडी कडेला घेतली, घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहून ठेवली.

शोरूमचा मॅनेजर टायवाला होता. गाडी घेताना यानेच नारळ फोडून, बाईंच्या हातात गुलाब देऊन फोटो काढला होता. आता तो माझ्याकडे बघून बोलू लागला. "सर, लेडीजना घाटात गिअरचा अंदाज येत नाही. ऑइलही बघितलं नसणार."

बाईंनी पिशवीतून वही काढली. दर शनिवारी तपासलेली तेलाची पातळी, तारीखवार. "आता तेलाचा पंप उघडा. माझ्यासमोर."

उघडला. आतलं दातेरी चाक तुटलेलं होतं. तेल वर चढतच नव्हतं.

आठवड्याने नवं इंजिन आलं, आणि सोबत सहीसाठी पत्र. गाडी चुकीच्या पद्धतीने चालवल्यामुळे बिघाड झाला असला, तरी सौजन्य म्हणून इंजिन बदलून देत आहोत.

"फुकट मिळतंय ना मॅडम?"

"वॉरंटीत मिळतंय. कारण बदला."

मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "सर, गाडी तुम्ही चालवत होतात असं लिहू का? मग पंपाचा दोष म्हणून लगेच पास होईल."

मला सायकलही येत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याला ती अडचण वाटली नाही.

बाईंनी इंजिन घेतलं नाही. स्वारगेटपर्यंत बसने आणि पुढे पायी येऊ लागल्या. स्टाफरूममध्ये सल्ले सुरू झाले. "अहो बाई, सही करा आणि मोकळ्या व्हा. कागद वाचतंय कोण?"

"मी वाचते. सही केली की चूक माझी. पुढची बाई गाडी घ्यायला गेली, की तिला माझाच कागद दाखवतील."

दर शनिवारी त्या शोरूमच्या सोफ्यावर डबा घेऊन बसत. कुणी चौकशी केली, तरच इंजिनाची हकिकत सांगत. तुम्हाला आमचं गाव माहीत आहे. चौकशी सगळेच करत.

नवव्या शनिवारी दुसरं पत्र आलं. "बिघाडाचे कारण : तेलाच्या पंपातील दोष." बाईंनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि नव्या इंजिनावर मला घाटात नेलं. तोल मी सांभाळला नाही.

त्या पत्राची चौकट प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागली. बाई निवृत्त झाल्या, आणि आता त्यांना जाऊनही तीन वर्षं झाली. मी उपप्राचार्य झालो आहे. म्हणजे कागद आता माझ्याकडे सहीला येतात. गेल्या महिन्यात मूल्यांकन समिती येणार म्हणून भिंती रंगल्या, कुंड्या भाड्याने आल्या, आणि प्रयोगशाळेतली 'असंबद्ध चौकट' काढून टाकण्याचं पत्रक माझ्या टेबलावर आलं.

मी लाल पेन्सिल शोधली. एक शब्द लिहिला आणि पत्रक परत सरकवलं.

उत्तर अजून आलेलं नाही. चौकट भिंतीवर आहे.