आठे माले कोनी पाडत नही

आमच्या कोरीट गावच्या हुतूतूच्या संघात खरा खेळाडू एकच होता. बोलण्याआधी तो छातीभर श्वास घ्यायचा आणि अख्खं वाक्य एका दमात संपवायचा. जणू बोलणं म्हणजेही चढाईच. बाकीचे गडी निसटता यावं म्हणून पायांना तेल चोळत. हा मात्र सरावाला पोटऱ्यांना माती चोळून यायचा, आमचे हात त्याच्यावर टिकावेत म्हणून. तरी रोज सुटायचाच.

महायुद्धाच्या टंचाईच्या दिवसांत नंदुरबारच्या बलाढ्य संघाने त्याला बोलावलं आणि तो निघाला. कोणी म्हणे, फेट्याच्या लोभाने गेला. कोणी म्हणे, रोजच्या दुधासाठी. मी चिडून त्याला वाटेतच गाठलं. त्याने श्वास भरला.

"दादा, आठे माले कोनी पाडतच नही, मंग मी उठाले शिकसू कसा?"

इथे त्याला पाडणारा कोणीच नाही, हे फार झोंबलं. त्या दिवसापासून शेतातून आलो की आम्ही एकमेकांच्या पायांना तेल चोळायचो आणि पकडी घोटायचो. घोटा निसटला की शिव्या, आणि पुन्हा पकड.

सारंगखेड्याच्या यात्रेत सामना त्याच्याच संघाशी लागला. तो चढाईला आला, तेव्हा त्याच्याही पोटऱ्या तेलाने चमकत होत्या. मी घोटा धरला, बाकीचे वर पडले आणि त्याचा दम आमच्याच अंगणात तुटला.

तोंडातली माती थुंकत तो उठून बसला. घोटा मी अजून सोडला नव्हता. आज पहिल्यांदाच त्याला एवढ्याशा वाक्यालाही एक दम पुरला नाही.

"हाई पकड... तवय... कोठे व्हती, दादा?"